एकट्या माणसाला खोली मिळेल का?

परभणीहून बाहेरगावी निघालेल्या माणसाला कारण सांगावं लागतं. दवाखाना, लग्न, कोर्टाची तारीख, पोराची ॲडमिशन, नाहीतर तिरुपती, शेगाव, पंढरपूर. यातलं एखादं सांगितलं की पुढचे प्रश्न थांबतात. 'थकवा आलाय, चार दिवस एकटाच समुद्रकाठी जाऊन बसतो' हे मात्र कोणी कारण मानत नाही. त्यात थायलंडचं नाव निघालं आणि जाणारा पुरुष असला तर हशा ठरलेला. बाई असली तर घरात काही बिनसलंय का, याची चौकशी. माझं म्हणणं असं की आपल्याकडे अशा विसाव्याची अडचण पैशाची आहे तितकीच परवानगीची आहे. ही परवानगी घरही नाकारतं आणि लॉजचा काउंटरही.

हशा अगदी निराधार नाही. पट्टाया हे मच्छीमारांचं गाव व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या सुट्ट्यांवर वाढलं आणि तिथला रात्रीचा धंदा काही लपून राहिलेला नाही. पण त्याच आखाताच्या दुसऱ्या काठावर, बँकॉकपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, हुआ हिन आहे. तिथे आगगाडी आली, रेल्वेनेच १९२३ मध्ये हॉटेल उघडलं, पुढे राजघराण्याने उन्हाळ्यासाठी महाल बांधला आणि गाव हवापालटाचं ठिकाण झालं. सकाळी वाळूवर चालावं, दुपारी झोपावं, संध्याकाळी बाजारात जेवावं, याहून मोठा कार्यक्रम तिथे नसला तरी चालतो. पाहुण्याकडून पासपोर्ट मागतात. एकटे का आलात, असं विचारत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. तिथल्या समुद्राइतकंच हे न विचारणंही आपल्या माणसाला तिकडे ओढत असावं.

आपल्याकडे अनेक भक्तनिवासांत आणि लॉजांवर एकट्याला खोली द्यायला का-कू होते. त्यामागची भीती मोघम नाही. खोलीत कोणी जिवाचं बरंवाईट केलं तर पंचनामा, पोलिसांच्या चकरा आणि बदनामी मालकाच्या वाट्याला येते. शेतकरी आत्महत्यांचं दुःख इतकी वर्षं पाहिलेल्या मराठवाड्यात या भीतीची टिंगल करता येणार नाही. पण नकाराने वाचतं कोण? खरोखरच खचलेला माणूस काउंटरवरून परत गेला की रस्त्यावर, फलाटावर जातो, जिथे त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणीच नसतं. ओळखपत्र पाहणं, नोंदवहीत घरचा नंबर घेणं, सकाळी चहाच्या निमित्ताने दार वाजवणं, एवढ्याने काळजीही घेता येते आणि हिशेबही राहतो. सज्ञान माणसाने एकट्याने खोली घेऊ नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. बाईच्या बाबतीत सुरक्षिततेचं कारण पुढे येतं. तेही उलटंच आहे: रात्री नऊ वाजता बसस्थानकाबाहेर बॅग घेऊन उभं राहण्यापेक्षा आतून कडी असलेली खोली कधीही सुरक्षित.

दुसरा आक्षेप, ही पाश्चात्त्य चैन आहे. तसं असेल तर माहेरपण कुठून आलं? सासरच्या चुलीपासून चार दिवस सुटका, उशिरा उठायची मुभा, हातात आयतं ताट. बाईला विसावा लागतो हे आपल्या रीतीने केव्हाच मान्य केलं होतं. आता भाऊ शहरात दोन खोल्यांत राहतो, वहिनी नोकरी करते, आई थकलेली असते. माहेरी गेलेली लेक तिथेही पोळ्याच लाटते. पुरुषासाठी तर अशी सोय रीतीने कधी केलीच नाही. त्याचा विसावा पारापाशी सुरू होतो आणि पारापाशीच संपतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून माणसं दहा दिवस मौन पाळायला जातात. तिथे एकट्याने गेलेल्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, कारण ती साधना ठरते. म्हणजे एकटेपण समाजाला खुपत नाही, खुपतो तो त्यातला निव्वळ आराम.

पैशाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सोयाबीन-कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या जिल्ह्यात विमानाची तिकिटं काढून समुद्र पाहायला जा, असं सांगणं क्रूर होईल. ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे त्याला चार दिवस काय, एक रात्रही अवघड. शिवाय खोलीचं भाडं एकट्यालाही बहुतेक दोघांइतकंच पडतं. पण अंगणवाडी सेविका, बँकेतला कारकून, सासऱ्यांचं वर्षभराचं आजारपण काढलेली सून यांना थायलंड नकोच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. जाण्याचा खर्च सरकारने हलका केला. प्रश्न उरतो तो पोहोचल्यावर टेकायचं कुठे याचा. कोकण लांब पडतं, हे खरं. पण जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं विस्तीर्ण पाणी आहे, त्याच तालुक्यात चारठाण्याची प्राचीन मंदिरं आहेत, गंगाखेडला जनाबाईंच्या गावी गोदावरीचा घाट आहे. ही ठिकाणं आपण सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरती वापरतो. दुपारभर नदीकडे पाहत बसायचं तर सावलीची आणि पाठ टेकण्याची जागा लागते. परभणीच्या उन्हात तर ती आधी लागते.

गंमत अशी की सरकारने विश्रांतीसाठी इमारती कधीच्या बांधून ठेवल्या आहेत. गावोगावची शासकीय विश्रामगृहं दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांची आणि पुढाऱ्यांच्या बैठकांची झाली आहेत. ओळख नसलेला माणूस त्यांच्या फाटकाशीही जात नाही. दौरा नसतो तेव्हा त्या खोल्यांना कुलूप असतं. त्यातली प्रत्येक ठिकाणची एक खोली एकट्या प्रवाशासाठी राखावी, एका माणसाचा दर फाटकावरच्या फलकावर लिहावा आणि आरक्षण आमदारांच्या स्वीय सहायकाच्या फोनऐवजी मोबाइलवरून व्हावं. नोंदणीच्या अर्जात येण्याचं प्रयोजन विचारणारा रकाना असेल, तर तो आधी काढावा.