नोकरी परदेशात, पत्ता तळ्याचा: शिक्षकांचा पोलीस दाखला अडतो कुठे?

तळा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड. रायगडच्या या पट्ट्यात आखाती देशांशी नाते असलेली घरे गावोगाव सापडतात. आता तिकडे शाळेत शिकवणारेही आहेत. यांच्यासाठी कळीचा कागद म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अर्थात पीसीसी. परदेशात बसून तो काढायचा तर काय करावे लागते आणि त्यात काय बदलायला हवे, ते पाहू.

नेमका प्रश्न काय?

समजा, तळा तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका चार वर्षे दुबईत आहे. तिला ब्रिटनमधील शाळेत नोकरी मिळाली. भारतातून पात्र झालेल्या विज्ञान, गणित आणि भाषेच्या शिक्षकांना फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या शिक्षक दर्जासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे हे उदाहरण काही दूरचे नाही. शिक्षण क्षेत्रातील नोकरीच्या व्हिसासाठी ब्रिटन एक अट घालते: वयाच्या १८ वर्षांनंतर, गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचा गुन्हेविषयक दाखला द्या. म्हणजे तिला दोन कागद लागणार, एक अमिरातीचा आणि एक भारताचा.

परदेशातून पीसीसी कसे मिळते?

भारतात असाल तर पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करायचा, शुल्क ५०० रुपये. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतूनही ही सोय आहे. परदेशात असाल तर अर्ज तिथल्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे जातो. काही देशांत तो खासगी केंद्रामार्फत स्वीकारला जातो. यंत्रणेत आधीची स्पष्ट पोलीस नोंद असेल तर काम लवकर होते. नसेल तर पडताळणीची मागणी भारतात येते, अलिबागच्या पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत तळा पोलीस ठाण्यात पोहोचते आणि अहवाल त्याच वाटेने परत जातो.

मग अडते कुठे?

घराच्या दारात. आई-वडील मुलाकडे पनवेलला राहायला गेलेले, तळ्याच्या घराला कुलूप, शेजारीही मुंबईला. पोलीस येऊन गेले तरी माहिती द्यायला कोणी नाही. अहवाल रखडतो किंवा ‘दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाही’ असा जातो. ती पत्त्यावर नाही हे तर उघडच आहे, म्हणून तर दूतावासातून अर्ज केला! इकडे शाळेची रुजू होण्याची तारीख मात्र थांबत नाही.

तपासणीच नको का?

तपासणी हवीच, आणि कडक हवी. वर्गात मुले असतात. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर आपल्याही राज्याने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला. परदेशी शाळेने आपल्या शिक्षकाकडे दाखला मागितला तर त्यात अपमान कसला?

आक्षेप वेगळा आहे. या माणसावर गुन्हा नोंद आहे का, हा खरा प्रश्न. आपली पद्धत मात्र विचारते, घरी कोणी आहे का? दार उघडले म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही आणि कुलूप दिसले म्हणून संशयितही ठरत नाही. देशभरातील पोलीस ठाण्यांच्या नोंदी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा २००९ मध्ये मंजूर झाली. मग परदेशस्थ अर्जदाराचे उत्तर आधी नोंदींत शोधावे आणि शंका असेल तिथेच घर गाठावे. ओळख पटवायला दूतावास आहेच, अर्जदार तिथे प्रत्यक्ष उभा असतो.

ब्रिटनमध्ये राहिलेल्या शिक्षकाला दुसऱ्या देशात मुलांसोबत काम करायचे असेल तर तिथे खास बालसुरक्षा दाखला आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि तपास पोलीस नोंदींचा होतो. त्यात केवळ शिक्षा झालेलेच गुन्हे नव्हे, तर मुलांच्या सुरक्षेशी संबंधित अन्य माहितीही पाहिली जाते. म्हणजे अर्जदाराला सोपे आणि मुलांसाठी जास्त कडक. या दोन गोष्टी एकत्र जमू शकतात.

तोवर काय कराल?

• परदेशी जाण्याआधी गावी असतानाच पीसीसी काढा.
• पीसीसी विशिष्ट देशासाठी असते. अमिरातीसाठी काढलेली ब्रिटनला चालेल असे गृहीत धरू नका.
• एखादा देश कायमचा सोडताना तिथला पोलीस दाखला आधी घ्या. नंतर बाहेरून मिळवणे किचकट होते.
• पासपोर्टवरील पत्ता बदलला असेल तर नूतनीकरणावेळीच दुरुस्त करा.
• अर्जात भारतातील अशा नातेवाइकाचा फोन द्या, जो उचलला जातो. पडताळणी येणार हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.
• दाखला फार लवकर काढूनही उपयोग नाही. किती महिन्यांच्या आतील हवा, हे शाळेला विचारा.

ही यादी पाळली तर बऱ्याच जणांचे काम होईल. पण कोकणात घरांना कुलपे लागत आहेत ती नोकरीसाठीच. त्याच कुलपामुळे नोकरी हुकत असेल, तर बदलायची ती पद्धत.