सायटेशनने ताप उतरत नाही

औषधी रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्याला ‘तू नेमकं काय करतोस?’ असं आता फक्त नातेवाईक विचारतात. क्षेत्रातले लोक विचारतात, ‘एच-इंडेक्स किती?’ मीही याच क्षेत्रात आहे आणि माझं म्हणणं सरळ आहे. संशोधन न वाचता नुसते आकडे वाचणं हा आळस आहे. औषधांच्या बाबतीत तर तो घातक आळस आहे.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. तुमच्या वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस सायटेशन मिळाली, की तुमचा आकडा वीस. तुमचा उल्लेख किती जणांनी केला हे त्यातून कळतं, कशासाठी केला हे कळत नाही. तुमचं म्हणणं खोडून काढायला केलेला उल्लेखही तुमच्याच खात्यात जमा!

आता आपल्या घरातलं उदाहरण घ्या. हळदीतल्या करक्युमिनवर हजारो पेपर आहेत. कॅन्सर, अल्झायमर, मधुमेह, सगळ्यांवर ते ‘गुणकारी’. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या ढिगाऱ्याची झडती घेतली. करक्युमिन स्वतःच चमकतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचणीत ‘लागू पडलं’ असा खोटा निकाल येऊ शकतो. शरीरात ते नीट शोषलं जात नाही आणि रक्तासारख्या द्रावणात काही मिनिटांत विघटित होतं. १२०हून अधिक क्लिनिकल ट्रायल झाल्या, पण डबल-ब्लाइंड, प्लासिबो-नियंत्रित अशी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं.

मग तोवर काय वाढत होतं? औषध नव्हे, सायटेशन. एकाने दुसऱ्याचा संदर्भ द्यायचा, तिसऱ्याने दोघांचा. सगळ्यांचे इंडेक्स फुगले, पेशंट होता तिथेच राहिला.

याच्या उलट तू यूयू. व्हिएतनाम युद्धात सैनिक मलेरियाने मरत होते, म्हणून चीनने १९६७ मध्ये ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. १९६९ मध्ये तू त्यात आल्या. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांना सुचलं की उकळल्याने गुण जात असावा. कमी तापमानाला ईथरने काढलेला अर्क १९७१ मध्ये मलेरियावर चालला. पुढे माणसांवर वापरण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. हेच आर्टेमिसिनिन. १९७७ मध्ये त्यावरचा पेपर छापला, तेव्हा त्यावर एकाही व्यक्तीचं नाव नव्हतं, फक्त संशोधन गटाचं होतं. नोबेल मिळालं २०१५ मध्ये. १९७७ साली या बाईंचा एच-इंडेक्स काढून त्यांना नोकरी द्यायची का, हे ठरवून दाखवा!

‘आकडा नसेल तर वशिला येईल,’ हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडे तो खोटाही नाही. पण आकड्याने वशिला गेला का? २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय गुण जोडले. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकावी लागली. वशिला फक्त मुलाखतीच्या खोलीतून जर्नलच्या बिलावर गेला.

उपाय अवघड नाही, कष्टाचा आहे. उमेदवाराने आपले तीन पेपर द्यावेत. समितीने ते वाचावेत आणि विचारावं: हा रेणू का निवडला? चाचणी फसवी नाही हे कसं तपासलं? दुसऱ्या प्रयोगशाळेत हाच निकाल आला का? ज्याला हे प्रश्न विचारता येत नाहीत, त्याने समितीवर बसू नये.

आणि तुम्हालाही सांगतो. ‘हळदीवर हजारो शोधनिबंध आहेत, मग केमो कशाला?’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला तर तो पुढे ढकलू नका. त्या हजारांतल्या किती निबंधांत माणसं बरी झाली, तेवढं विचारा.