अडोव्याचा विजय : डोंगरांचा की माणसांचा?

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीचा, म्हणजे १९१४ सालचा, आफ्रिका खंडाचा नकाशा समोर घेतला, तर त्यात आफ्रिकेचे असे फारच थोडे उरलेले दिसते. इंग्रज, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, बेल्जियन, स्पॅनिश आणि इटालियन अशा सात सत्तांनी तो प्रचंड भूभाग आपसांत वाटून घेतलेला. १८८४-८५ सालच्या हिवाळ्यात बर्लिन येथे या वाटणीचे नियम ठरले, तेव्हा त्या बैठकीस आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. या रंगीबेरंगी नकाशात दोनच प्रदेश स्वतंत्र उरले. एक पश्चिम किनाऱ्यावरचा लायबेरिया. अमेरिकेतून परतलेल्या मुक्त निग्रोंनी तो वसविला आणि त्याच्यावर अमेरिकेची छाया होती. दुसरा इथिओपिया, म्हणजे जुन्या पुस्तकांतला ॲबिसिनिया. या दुसऱ्या देशाला कोणाची छाया नव्हती. त्याने रणांगणावर एका युरोपीय राष्ट्राचा पराभव केला आणि तो पराभव त्या राष्ट्राकडून कागदावर मान्य करून घेतला.

मराठी माणसाला हा देश सर्वस्वी परका नाही. 'हबशी' हा आपल्या बखरींतला शब्द 'हबश' या त्या देशाच्या अरबी नावावरून आलेला आहे. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हा मूळचा तिथलाच. गुलाम म्हणून विकला जात जात तो दख्खनेत पोचला आणि १६२६ साली मरण पावेपर्यंत मोगलांशी झुंजत राहिला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळही त्याच बाजूचे. पण या मंडळींच्या मायदेशात पुढे काय घडले, याची विचारपूस आपण क्वचितच केली. ती या खेपेस करावी, असे आम्हांस वाटते. कारण जे भल्याभल्या राज्यांना साधले नाही, ते या देशास कसे साधले, हा प्रश्न आपल्यासारख्या पारतंत्र्य भोगलेल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

या प्रश्नाचे ठरीव उत्तर असे की, तो देश डोंगराळ. शत्रूला वर चढताच आले नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. याच डोंगरांत १८६८ साली एक परकी फौज चढून गेली होती, आणि ती निघाली होती आपल्या मुंबईहून! सम्राट टेवोड्रोसने काही युरोपीय लोकांना कैदेत ठेवले, म्हणून मुंबई सैन्याचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर सुमारे तेरा हजार सैनिक, हजारो खेचरे आणि चव्वेचाळीस हत्ती घेऊन तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतरले. शेकडो मैलांची चढण चढून त्यांनी मगदालाचा किल्ला घेतला. टेवोड्रोसने शरण जाण्याऐवजी स्वतःच्या पिस्तुलाने आपला अंत करून घेतला. डोंगर तेच होते. पण राजा एकटा पडला होता. त्याच्या जुलमाला कंटाळलेल्या सरदारांनी त्याची साथ सोडली होती, आणि उत्तरेकडील टिग्रे प्रांताच्या सरदाराने तर इंग्रजांना वाट आणि दाणागोटा दोन्ही पुरविले. इंग्रजांना तो देश ठेवून घ्यायचा नव्हता, म्हणून ते परत गेले, एवढेच. सारांश, डोंगर वाचवितात ते डोंगरातली माणसे एक असतील तर.

दुसरे उत्तर असे की, इटली दुबळी होती. इटलीचे एकीकरण होऊन फार काळ लोटला नव्हता, हे खरे. परंतु तिच्या तोफा आणि बंदुका आधुनिक होत्या, अधिकारी शिकलेले होते. शिवाय एखादी लढाई जिंकणे हे काही आफ्रिकेत अपूर्व नव्हते. १८७९ सालच्या जानेवारीत झुलूंनी इसांडलवाना येथे इंग्रजांची एक फौज कापून काढली; पण जुलै उजाडेपर्यंत झुलूंची राजधानी जळून गेली होती. तेव्हा खरा प्रश्न आहे तो विजय टिकला कसा, हा.

त्याचे उत्तर शोधताना मेनेलिक या राजाकडे वळावे लागते. शोआ प्रांताचा हा राजा १८८९ साली इथिओपियाचा 'राजाधिराज' झाला. त्याच्या आधीचा सम्राट योहानेस हा सुदानातील महदीच्या अनुयायांशी लढताना पडला होता. इटलीने १८८५ साली मसावा बंदर घेतले होते आणि आता तिला पठारावर पाय रोवायचे होते. अशा वेळी २ मे १८८९ रोजी वुचाले येथे मेनेलिक आणि इटली यांच्यात तह झाला. तह दोन भाषांत लिहिला गेला : अम्हारिक आणि इटालियन. त्यातील सतराव्या कलमात सगळी मेख होती. अम्हारिक मजकूर म्हणत होता की, परराष्ट्रांशी व्यवहार करताना सम्राटास इटलीची मदत घेता येईल. इटालियन मजकुराप्रमाणे तो व्यवहार इटलीमार्फत करण्यास सम्राट बांधलेला होता. एका क्रियापदाच्या फरकाने एक स्वतंत्र देश संरक्षित संस्थान होऊन बसला. इटलीने त्याच वर्षी इतर सत्तांना तसे कळवूनही टाकले.

ही लबाडी उघडकीस आली तीही पत्रव्यवहारातून. मेनेलिकने आपल्या राज्यारोहणाची वार्ता युरोपातील राजांना कळविली, तेव्हा इंग्लंड आणि जर्मनीकडून आलेल्या उत्तरांचा आशय असा होता की, यापुढे आपला पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हावा. येथे आम्हांस आपल्याकडील तैनाती फौजेच्या तहांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८०२ सालच्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने परराष्ट्रसंबंधांची किल्ली इंग्रजांच्या हाती दिली, ती समजून-उमजून, स्वतःच्या गादीसाठी. मेनेलिकने ती किल्ली न कळत गेलेली पाहिली आणि परत मागितली. त्याची राणी तैतू हिने तर या कलमाविषयी पहिल्यापासून कणखर भूमिका घेतली. १८९१ साली मेनेलिकने युरोपीय सत्तांना पत्र लिहून आपल्या राज्याच्या सीमा स्वतः जाहीर केल्या आणि १८९३ साली तह झुगारून दिला. इटलीकडून घेतलेले कर्जही त्याने फेडून टाकले. ऋणको राहून स्वातंत्र्याची भाषा बोलता येत नाही, हे त्याने ओळखले होते.

पण केवळ पत्रे लिहून काम भागणार नव्हते. ज्या काळात हे चालले होते, त्या काळात देशावर भयंकर आपत्ती कोसळली होती. १८८८ ते १८९२ या वर्षांत गुरांच्या 'बुळकांडी' रोगाने बहुतेक गोधन मेले. त्या रोगाचा शिरकाव इटालियनांनी मसाव्यास आणलेल्या जनावरांतून झाला, असे मानले जाते. बैल नाही म्हणून नांगर नाही, नांगर नाही म्हणून धान्य नाही. असंख्य माणसे भुकेने मेली. अशा स्थितीत मेनेलिकने शस्त्रे जमविली. फ्रान्सला आणि रशियाला इटलीचे वाढते वजन खपत नव्हते; त्यांच्या स्पर्धेचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. जिबुटीच्या फ्रेंच बंदरातून बंदुकांची आवक होत राहिली. आर्थर रँबो हा विख्यात फ्रेंच कवी कविता सोडून व्यापारी झाला होता. त्यानेही १८८७ साली मेनेलिकला बंदुका विकल्या होत्या. खुद्द इटलीने मैत्रीच्या दिवसांत दिलेली काडतुसेही पुढे तिच्याच अंगावर आली.

सप्टेंबर १८९५ मध्ये मेनेलिकने देशाला हाक दिली. १८६८ साली जे घडले नव्हते ते या वेळी घडले. गोज्जामचा राजा, हरारचा सुभेदार रास मकोनेन, टिग्रेचा रास मंगशा, इटालियनांना डोगाली येथे १८८७ साली धूळ चारणारा रास अलूला, अशी एरवी एकमेकांशी भांडणारी मंडळी आपापल्या फौजा घेऊन एका झेंड्याखाली आली. यातला मंगशा हा योहानेसचा पुत्र. सिंहासनावर त्याचाही हक्क होता. राणी तैतू स्वतःचे पथक घेऊन निघाली. डिसेंबरात अंबा अलागी येथे इटलीची एक तुकडी कापली गेली. जानेवारीत मेकेले येथील गढीला वेढा पडला. गढीचे पाणी तोडण्याची कल्पना तैतूची होती. तहानेने व्याकूळ झालेल्या शिबंदीने गढी सोडली, तेव्हा मेनेलिकने तिला शस्त्रांसह जाऊ दिले. आपण समेटास तयार आहोत, हे त्याला जगाला दाखवायचे होते.

यानंतर दोन्ही सैन्ये अडोव्याच्या आसमंतात समोरासमोर बसून राहिली. दोघांचेही धान्य संपत आले होते. आणखी काही दिवस थांबते, तर बहुधा मेनेलिकलाच छावणी मोडावी लागली असती. परंतु रोममध्ये पंतप्रधान क्रिस्पी अधीर झाले होते; त्यांनी सेनापती बाराटिएरी यांना टोचून बोलणारी तार पाठविली. २९ फेब्रुवारी १८९६ च्या रात्री सुमारे सतरा हजारांचे इटालियन सैन्य अंधारातून निघाले. त्यात एरिट्रियातील हजारो देशी शिपाईही होते. नकाशा कच्चा होता. एका टेकडीचे नाव दुसरीला दिले गेले होते, त्यामुळे डावीकडची तुकडी मैलोगणती पुढे निघून गेली आणि १ मार्चच्या पहाटे एकटीच मेनेलिकच्या सैन्यावर जाऊन आदळली. समोर लाखाच्या घरात माणसे होती आणि त्यांतील बहुसंख्यांच्या हाती बंदुका होत्या. एकामागून एक अशा तीन तुकड्या वेगवेगळ्या गाठून मोडण्यात आल्या. दिवस मावळेपर्यंत इटलीचे सुमारे सहा हजार सैनिक पडले, दोन सेनानी ठार झाले आणि एक कैद झाला. इथिओपियाचीही हजारो माणसे कामी आली. काही दिवसांतच क्रिस्पी यांचे मंत्रिमंडळ कोसळले.

विजय मिळाल्यावर थांबणे ही कला फार थोड्या विजेत्यांना येते. मेनेलिक मेरेब नदीशी थांबला. एरिट्रियावर चालून गेला असता, तर उपाशी सैन्य नव्या इटालियन फौजेच्या तोंडी दिले गेले असते आणि इंग्लंड-फ्रान्सही बिथरले असते. त्याने कैदी ओलीस ठेवले, आणि २६ ऑक्टोबर १८९६ च्या आदिस अबाबाच्या तहात इटलीकडून वुचालेचा तह रद्द करवून संपूर्ण स्वातंत्र्य मान्य करवून घेतले. पुढच्याच वर्षी इंग्रज आणि फ्रेंच वकील नजराणे घेऊन त्याच्या दरबारी आले. झुलूंच्या विजयात आणि या विजयात फरक पडला तो येथे.

परंतु गौरव करताना हिशेबाची दुसरी बाजू झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. एरिट्रिया इटलीकडेच राहिली; तिची वाट वेगळी झाली. पुढे १९६१ पासून तीस वर्षे तेथे स्वातंत्र्ययुद्ध चालले, आणि १९९३ साली तो वेगळा देश झाला. अडोव्याच्या कैद्यांपैकी इटालियनांना सांभाळले गेले. पण इटलीच्या बाजूने लढलेल्या शेकडो देशी शिपायांचे उजवे हात आणि डावे पाय तोडण्यात आले. आणि बंदुकांचे पैसे आले कोठून? हस्तिदंत, सोने, कॉफी यांच्याबरोबरच गुलामांच्या व्यापारातून, आणि दक्षिणेकडील ओरोमो, वोलायता यांसारख्या लोकांच्या जिंकलेल्या प्रदेशांतून. त्या लोकांच्या लेखी मेनेलिक हा मुक्तिदाता नसून विजेता होता. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने मोजल्याची ही कथा आहे, आणि तिचे व्रण त्या देशाच्या राजकारणात आजही ठणकतात.

शिवाय अडोव्याचा विजय कायमचा पुरला नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीने विमाने आणि विषारी वायू घेऊन पुन्हा आक्रमण केले. या वेळी शस्त्रे मिळविणे फार कठीण झाले. राष्ट्रसंघाने शब्दांखेरीज फारसे काही दिले नाही. आणि सम्राटाचाच एक जावई शत्रूला जाऊन मिळाला. ५ मे १९३६ रोजी आदिस अबाबा पडले. रास मकोनेनचा पुत्र सम्राट हैले सेलासी यास परागंदा व्हावे लागले. त्याला परत आणणाऱ्या मोहिमेत १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर चौथ्या आणि पाचव्या हिंदी डिव्हिजन लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. आज बेळगावात ज्या पलटणीचे केंद्र आहे, तिच्या मानचिन्हांत केरेनचे नाव आहे. १८६८ साली मुंबईहून गेलेल्या फौजेने एका सम्राटाचा अंत पाहिला. १९४१ साली आपल्याच मुलखातल्या पोरांनी दुसऱ्या सम्राटाची वाट मोकळी केली.

तेव्हा डोंगर, इटलीची चूक, नकाशातील गफलत, यांचा वाटा मान्य करूनही आमचे मत असे की, इथिओपिया वाचला तो तीन गोष्टींमुळे. आपल्या तहाचा अर्थ त्याने आपल्या भाषेत वाचला आणि परक्या भाषेतला अर्थ निमूटपणे स्वीकारला नाही. शत्रूंमधील हेवेदावे त्याने स्वतःच्या कामी लावले. आणि ऐन वेळी त्याच्या सरदारांनी आपापसांतले वैर एका हंगामापुरते का होईना, बाजूस ठेवले. यांपैकी एकही गोष्ट दैवी नाही, आणि एकही गोष्ट एकदा साधली म्हणून कायमची साधत नाही. १९३५ साली त्यांतील दोन निखळल्या, आणि डोंगर जागच्या जागी असूनही राजधानी पडली.