संप्रेरकांचा तोल आणि श्रमांचा ताळेबंद

स्त्रियांच्या शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, समतोल साधून देणारी नैसर्गिक पूरके हा आता एक स्वतंत्र व्यापार झाला आहे. जळगाव आणि धुळे येथील औषधांच्या दुकानांत, आणि त्याहून अधिक मोबाइलच्या पडद्यावर, शतावरी, अश्वगंधा, जवस, भोपळ्याच्या बिया, बायोटिन यांच्या गोळ्या व चूर्णे मांडलेली असतात. अनियमित पाळी, थकवा, केसांची गळती, वाढते वजन, रजोनिवृत्तीच्या काळातील अंगाची लाही या साऱ्यांवर एकच उपाय म्हणून ती पुढे केली जातात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तथापि या प्रश्नाला एक अर्थशास्त्रीय बाजूही आहे आणि तिचा विचार सहसा होत नाही, म्हणून हा प्रपंच.

प्रथमतः हे मान्य केले पाहिजे, की स्त्रियांच्या या तक्रारी काल्पनिक नाहीत. बीजकोशातील बहुग्रंथी विकार, ज्याला 'पीसीओएस' या नावाने आता खेड्यातील मुलीही ओळखतात, तो प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) शेकडा 48 होते. पाचव्या फेरीत (2019-21) ते शेकडा 54.2 झाले. परंतु थकव्याचे कारण एकीच्या बाबतीत रक्तक्षय असते, दुसरीच्या बाबतीत मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, तर तिसरीच्या बाबतीत केवळ अपुरी झोप. 'संप्रेरकांचा असमतोल' हे कोणत्याही एका रोगाचे नाव नाही. ज्या शब्दाला निश्चित अर्थ नाही त्यावर औषध विकणे मात्र फार सोपे असते.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 साली वैद्यकीय सेवेच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आजारी माणसाला आपण काय विकत घेत आहोत याचे पुरेसे ज्ञान नसते आणि विकणाऱ्याला ते असते, म्हणून हा बाजार धान्याच्या वा कापडाच्या बाजारासारखा चालत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पूरकांच्या बाबतीत त्याही पुढची अडचण आहे. पाळीचे चक्र, त्वचा, मनःस्थिती ही महिन्यागणिक आपोआप कमीअधिक होतात. स्त्री गोळी घेऊ लागते ती बहुधा त्रास सर्वाधिक असलेल्या महिन्यात. पुढील महिना स्वाभाविकपणेच थोडा बरा जातो आणि श्रेय गोळीला मिळते. अशा मालाचा खोटेपणा वापरूनही उघडकीस येत नाही.

'नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी' हा समजही तपासून घ्यावयास हवा. अश्वगंधेमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याची आणि थायरॉइडच्या संप्रेरकांत वाढ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्या पूरकांवर बंदी घातली. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या रक्तचाचणीचा निष्कर्षच चुकू शकतो. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह वा कॅल्शियम घेतले तर ती गोळी अंगी नीट लागत नाही. दोहोंमध्ये सुमारे चार तासांचे अंतर लागते. या गोष्टी जाहिरातीत नसतात. त्या डॉक्टरने सांगावयाच्या असतात आणि डॉक्टरला सांगण्यासाठी आपण काय काय घेतो हे स्त्रीने त्याच्यापुढे मोकळेपणाने मांडावे लागते.

या बाबतीत कायदा नाही असे नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या कायद्याने मासिक पाळीतील दोष दूर करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. तथापि तीच वस्तू 'अन्न' म्हणून विकली की ती अन्नसुरक्षेच्या नियमांखाली येते. 2016 च्या नियमांनुसार पूरकाच्या वेष्टनावर ते औषधी उपयोगासाठी नसल्याचे छापावे लागते आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. विक्रेता मग रोगाचे नाव टाळतो आणि 'समतोल' हा शब्द योजतो. कायद्याच्या दोन कुंपणांमधील ही पाऊलवाट आहे आणि तीवरून मोठी रहदारी चालू आहे.

मग खरोखर उपयोगी काय आहे? या बाबतीत वैद्यकशास्त्राचे उत्तर पुष्कळसे साधे आहे. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रीचे वजन शेकडा पाच ते दहाने जरी उतरले, तरी पाळी पूर्ववत होण्यास अनेकदा मदत होते. नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि वेळेवर पोटभर जेवण यांचा परिणाम संप्रेरकांवर होतो, हे निर्विवाद आहे. उलट, अतिश्रम आणि अर्धपोटी राहणे यांमुळे पाळी बंदही पडू शकते. थायरॉइडच्या संप्रेरकाला आयोडीन लागते. ते साध्या आयोडीनयुक्त मिठातून मिळते. 1962 साली सुरू झालेल्या गलगंड नियंत्रण कार्यक्रमाचा आणि 1980 च्या दशकात सर्व खाद्य मिठात आयोडीन मिसळण्याच्या निर्णयाचा हेतू तोच होता. संप्रेरकांसाठी देशाने केलेली ही सर्वांत स्वस्त व्यवस्था, पण तिची जाहिरात कोणी करीत नाही. जवस आणि तीळ यांविषयी बोलायचे, तर खानदेशाला ती नवी नाहीत. कळण्याच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी येथे पिढ्यान्पिढ्या खाल्ली गेली. ते चांगले अन्न आहे. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात एक बी आणि दुसऱ्या पंधरवड्यात दुसरे, अशा वेळापत्रकाने पाळी नियमित होते याला मात्र भक्कम पुरावा नाही. आणि तेच जवस आकर्षक पाकिटात अनेक पट किमतीला घेण्याचे तर काहीच कारण नाही.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. झोप, व्यायाम, वेळेवर जेवण यांना पैसे पडत नाहीत असे आपण म्हणतो. पण त्यांना वेळ लागतो, आणि वेळ हीच खानदेशातील स्त्रीजवळची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे खर्च करतात, तर पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. विश्रांतीचा प्रत्येक तास तिच्या मजुरीतून वजा होतो. पहाटे भाकऱ्या थापून ती शेतावर जाते आणि रात्री सर्वांच्या मागून जेवते. शहरातील नोकरदार स्त्रीची स्थिती वेगळी असली, तरी कचेरी आणि स्वयंपाकघर या दोन पाळ्या तिलाही चुकलेल्या नाहीत. अशा स्त्रीला 'जीवनशैली सुधारा' असे सांगणे म्हणजे, जी तिच्या हातात नाही ती गोष्ट बदलण्याचा उपदेश करणे होय.

या दुर्लक्षाचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली पुढे आला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसले. पाळीमुळे बुडणारी मजुरी, फडावरील अस्वच्छता आणि साध्या तक्रारीवर वेळीच न मिळालेला उपचार यांचा तो परिपाक होता. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर तरुण वयातच संप्रेरकांचा मूळ झरा आटतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. चाळीसगावकडून, धुळे-नंदुरबारकडूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारापासून दूर नाही. एकीकडे समतोलाचे चूर्ण विकत घेणारी स्त्री आणि दुसरीकडे अवयव गमावणारी मजूर स्त्री, या दोघींनाही वेळेवरची तपासणी आणि विश्रांती मिळालेली नसते.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या स्त्रीची हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार थायरॉइड व साखर यांची तपासणी नेमाने व्हावी. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यासाठी तालुक्यांना आधार द्यावा. लोहाच्या गोळ्या सरकार विनामूल्य देते. त्या पोहोचतात की नाही याची विचारणा ग्रामसभेत व्हावी. अन्न व औषध प्रशासनाने 'समतोल' या शब्दाआड दडलेले दावे तपासावेत. आणि घरातील पुरुषांनी त्या 299 मिनिटांतील आपला वाटा उचलावा. या शेवटच्या उपायाला ना अनुदान लागते ना शासनाचा आदेश. घरातील बाईला रात्री एक तास लवकर निजता आले आणि सर्वांबरोबर गरम भाकरी खाता आली, तरी तिच्या प्रकृतीसाठी पुष्कळ काही केल्यासारखे होईल.