पडद्याची पोच आपल्याच हाती



सन २०२४ ची गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी तालुक्याच्या गावी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात ही रांग. तिचा नंबर लागला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. दुकानदाराने माहिती भरली, कागद चढवले, शेवटचे बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि मग पान पांढरे झाले. "झाला ताई तुमचा अर्ज," असे म्हणून त्याने आपले पैसे घेतले व पुढच्याला हाक मारली.

दोन महिन्यांनी यादी लागली. तिच्यात भाचीचे नाव नव्हते. ती कार्यालयात गेली तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "तुझा अर्जच आलेला दिसत नाही. भरला असशील तर पुरावा आण."

पोरीने बाहेर येऊन आम्हाला फोन केला. "मामा, मी स्वतः तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत भरला अर्ज. आता पुरावा कुठून आणू?"

आमच्यापाशीही उत्तर नव्हते. त्या वर्षीची फी दाजींनी पतपेढीचे कर्ज काढून भरली.

ही हकिगत आम्ही कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पूर्वी कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळत असे. आपल्या वडीलधाऱ्यांनी असे शिक्क्याचे कागद ट्रंकेत तळाशी जपून ठेवले आणि वेळप्रसंगी तेच कामी आले. आता बहुतेक अर्ज संगणकावर भरावे लागतात. सगळे सुरळीत झाले तर तिथेही पोचपावती निघते. पण मध्येच पान अडकले तर हाती काहीच उरत नाही. अशा वेळी पडद्यावर काय घडले याची नोंद आपणच ठेवलेली बरी. तिला स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर जे जे घडते, त्याची ही चित्रफीत असते. तिला कॅमेरा लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

संगणकातच असलेली सोय

आपल्या घरी विंडोज ११ चा संगणक असेल तर त्यात स्निपिंग टूल नावाची सोय आधीच आहे. स्टार्टमध्ये ते नाव शोधून उघडावे. वर व्हिडिओ कॅमेऱ्याचे चिन्ह दिसते, ते निवडून 'न्यू' दाबावे. मग पडद्याचा जेवढा भाग टिपायचा तेवढ्याभोवती माऊसने चौकट ओढावी व 'स्टार्ट' दाबावे. काम झाले की 'स्टॉप'. आपले बोलणेही हवे असेल तर तिथेच माईकचे बटण आहे. चित्रफीत 'व्हिडिओज'मधल्या 'स्क्रीन रेकॉर्डिंग्ज' या फोल्डरमध्ये सापडते.

आमच्या भाचीने २०२५ साली जुना लॅपटॉप घेतला, त्यात विंडोज १० होते. अशी यंत्रे अजून पुष्कळ घरांत आहेत. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांना शक्य असेल त्यांनी पुढची आवृत्ती घ्यावी. त्यात स्निपिंग टूलचे रेकॉर्डिंग नाही, पण गेम बार आहे. नाव खेळाचे असले तरी काम आपल्या उपयोगाचे आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि जी एकत्र दाबले की तो उघडतो. विंडोज, ऑल्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबल्या की टिपणे सुरू होते, पुन्हा दाबल्या की थांबते. चित्रफीत 'व्हिडिओज'मधल्या 'कॅप्चर्स'मध्ये जाते.

मात्र गेम बार एका वेळी एकच खिडकी टिपतो. संगणकाचा मोकळा पडदा किंवा फाइलींची यादी तो टिपत नाही. भाचीने पहिला प्रयोग यावरच केला. चित्रफीत छान निघाली, पण पाहताना तिच्या ध्यानात आले की पडद्याच्या कोपऱ्यात जी तारीख आणि वेळ असते ती त्यात आलेलीच नाही. पोच म्हणून ठेवायची तर तारीख नको का? स्निपिंग टूल वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. चौकट ओढताना खालच्या पट्टीसकट सगळा पडदा घ्यावा.

मॅक संगणक ज्यांच्याकडे आहे त्यांना शिफ्ट, कमांड आणि ५ या कळांनी हीच सोय मिळते. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ती आहे. माईक 'ऑप्शन्स'मध्ये निवडावा लागतो. त्याआधीच्या मॅकवर क्विकटाइम प्लेअर उघडून त्यात नवे स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यावे. उबंटूच्या २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन ही कळ दाबली की कॅमेऱ्याचे चिन्ह येते.

फुकट मिळणारे ओबीएस

गेम बारने भागेना तेव्हा भाचीने ओबीएस स्टुडिओ घेतले. हे २०१२ साली प्रथम निघाले. ते मुक्त स्रोताचे आहे, म्हणजे त्याची रचना कोणालाही पाहता येते आणि वापराला पैसे पडत नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर ते चालते. चित्रावर कंपनीचा छाप उमटत नाही, वेळेची मर्यादाही नाही. मात्र ते ओबीएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. 'फुकट रेकॉर्डर' अशी पाटी लावून भलतेच काही यंत्रात घुसवणारी ठिकाणे थोडी नाहीत.

ओबीएस पहिल्यांदा उघडले की काळा पडदा दिसतो आणि माणूस बिचकतो. त्यात काही बिघडलेले नसते. काय टिपायचे हे आपण अजून सांगितलेले नसते, एवढेच. खाली 'सोर्सेस' असे लिहिलेल्या चौकटीत अधिकचे चिन्ह दाबावे आणि 'डिस्प्ले कॅप्चर' निवडावे. आता तारीख-वेळेसकट सारा पडदा दिसू लागतो. शेजारी आवाजाच्या पट्ट्या असतात. आपण बोललो की पट्टी हलली पाहिजे. ती हलत नसेल तर माईक बंद आहे. मग 'स्टार्ट रेकॉर्डिंग' आणि शेवटी 'स्टॉप रेकॉर्डिंग'.

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. भाचीच्या लॅपटॉपची बॅटरी तर कधीच संपलेली. तिने सराव म्हणून टिपायला घेतले आणि सातव्या मिनिटाला दिवे गेले. यंत्र बंद पडले, तरी तोवरचे सगळे शाबूत राहिले. याचे कारण तिने सेटिंग्जमध्ये फाइलीचा प्रकार एमकेव्ही ठेवला होता. साधी एमपी४ फाइल मध्येच तुटली तर बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीत तुटेपर्यंतचा भाग टिकतो. नंतर ओबीएसच्याच 'फाइल' यादीतून 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' निवडले की तिची एमपी४ करून मिळते आणि ती कोणत्याही फोनवर चालते.

जागेची चिंता करणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. सेकंदाला २५०० किलोबिट या दराने टिपले तर मिनिटाला सुमारे १९ एमबी लागतात. दहा मिनिटांचा अर्ज २०० एमबीच्या आत बसतो. व्हॉट्सअॅपवर एवढी फाइल व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. तिथे २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि अक्षरेही अंधुक होत नाहीत.

२०२५ चा अर्ज

त्या वर्षी भाचीने शेवटच्या दिवसाची वाट पाहिली नाही. तीन दिवस आधी घरी बसून, रेकॉर्डिंग सुरू करून, अर्ज भरला. आणि पुन्हा तेच झाले. शेवटचे बटण दाबताच अर्ज क्रमांक क्षणभर चमकला आणि पान पांढरे झाले. आमची ताई कपाळाला हात लावून बसली. पोरीने मात्र चित्रफीत मागे नेली, तो क्षण थांबवला आणि क्रमांक वहीत उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोनवर चित्रफीत घेऊन ती त्याच खिडकीवर गेली. गृहस्थांनी ती पाहिली, क्रमांक आपल्या संगणकात घातला आणि म्हणाले, "अर्ज आहे, पण मसुद्यातच अडकलाय. घरी जाऊन पुन्हा सादर कर." तिने तो केला आणि पोचपावतीही आली.

अशी चित्रफीत नियमाने पुरावा ठरते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पोचपावती, अर्ज क्रमांक, फोनवर आलेला संदेश हे सारे जपून ठेवावेच. पण चित्रफितीमुळे शोधायला धागा मिळाला आणि "अर्जच नाही" यावर बोलणे संपले नाही.

काय टिपू नये, काय पाठवू नये

अर्ज सादर झाला त्या आनंदात भाची ती चित्रफीत कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला निघाली होती, मैत्रिणींना उपयोग व्हावा म्हणून. सुदैवाने ताईने विचारले, "अगं, त्यात आपला आधार नंबर दिसत नाही का?" दिसत होता. दाजींचा बँक खाते क्रमांकही दिसत होता. ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो, पण हे क्रमांक निकामी होत नाहीत. म्हणून पोच म्हणून केलेली चित्रफीत घरातच ठेवावी, आणि कार्यालयात दाखवायची तर आपल्या फोनवर आपल्याच हाताने दाखवावी.

दुसरे असे की, ऑनलाइन बैठक किंवा कोणाचे बोलणे टिपायचे असेल तर आधी त्यांना विचारावे. बँकेची काही पाने आणि पैसे भरून पाहायचे चित्रपट रेकॉर्डिंगमध्ये काळे येतात, ते मुद्दामच तसे केलेले असतात. आणि फोनवरून कोणी अनोळखी माणूस "तुमचा पडदा मला दाखवा" म्हणाला, तर ते रेकॉर्डिंग नव्हे. रेकॉर्डिंग आपल्या यंत्रात राहते. पडदा दाखवणे म्हणजे आपले सारे व्यवहार परक्यापुढे उघडे करणे. असा फोन तिथेच ठेवून द्यावा.

दुसऱ्यासाठी

भाचीने मग मैत्रिणींसाठी वेगळी चित्रफीत केली. तिच्यात अर्जाची पाने रिकामीच ठेवली आणि कुठे काय भरायचे, कोणता दाखला कोणत्या आकाराचा लागतो, हे साध्या मराठीत सांगितले. एकदा मनाशी सराव केला, सूचना येऊ नयेत म्हणून फोन आणि बाकीच्या खिडक्या बंद केल्या, आणि सहा मिनिटांत काम झाले. वस्तीतल्या अभ्यासिकेत ती लावली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "लेकाला तिसऱ्यांदा विचारलं की तो वैतागतो. हिला दहादा विचारलं तरी ही रागवत नाही."

मावशींच्या या बोलण्यावर आमच्या तरुण वाचकांनी विचार करावा. आपली आई, आत्या, शेजारचे काका एकच गोष्ट पुन्हा विचारतात, कारण आपण ती घाईने दाखवतो आणि ती त्यांच्या डोळ्यांपुढून निघून जाते. पुन्हा विचारताना त्यांना किती संकोच होतो, हे आपल्याला कळत नाही. वीजबिल भरणे असो, बचत गटाचा हिशेब असो, एकदा पाच मिनिटे बसून टिपून द्या. त्यांना जिथे अडेल तिथे थांबवून, मागे नेऊन, ते आपल्या गतीने शिकतील.

आमच्या ताईने ट्रंकेतल्या शिक्क्याच्या कागदांशेजारी आता एक पेनड्राइव्ह ठेवला आहे. त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'अर्ज, २०२५'. आपल्याही घरी येत्या रविवारी एक सराव करून पाहा. अर्जाच्या शेवटच्या रात्री शिकायला वेळ मिळत नाही.