पहारेकऱ्याचीही परीक्षा असते

"काहीच जमले नाही, तर शेवटी वॉचमन तरी होऊच!" हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात ज्याने ऐकले नाही, असा विद्यार्थी विरळाच. पोलीस भरतीची यादी लागली आणि तीत आपले नाव नसले, की हे वाक्य हमखास निघते. ऐकणारे हसतात, बोलणाराही हसतो. पण त्या हसण्यात आनंद नसतो. या वाक्यातल्या 'तरी' या दोन अक्षरांवर माझा आक्षेप आहे. त्या दोन अक्षरांनी हजारो माणसांच्या कष्टाची किंमत आपण न मोजताच ठरवून टाकतो.

आपल्या जिल्ह्याकडे नजर टाका. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा मोटारींचा कारखाना, तुमसर तालुक्यातील मॅंगनीजच्या खाणी, गावोगावच्या भातगिरण्या, बँका, दवाखाने, शाळा. जेथे फाटक आहे, तेथे कोणीतरी उभा आहे. आपण आत जाताना त्याच्याकडे पाहत नाही, मात्र आत काही विपरीत घडले, की पहिला प्रश्न त्यालाच विचारतो, "तू काय करत होतास?" ज्याला एरवी कोणी विचारत नाही, त्याच्यावर अशा वेळी सारी जबाबदारी येते, हा न्याय अजब म्हटला पाहिजे!

राखणीचे काम आपल्या समाजाला नवे नाही. जुन्या गावगाड्यात वेसकर होता, जागल्या होता. पण ते काम जन्माने गळ्यात पडत असे. त्याला शिक्षण नव्हते, वेळेचे बंधन नव्हते. पदरी पडेल ते बलुते आणि भाकर हाच पगार. ज्याने रात्रभर गाव राखायचे, त्याचेच घर गावाबाहेर! आज हेच काम कोणत्याही जातीचा माणूस, स्त्री असो वा पुरुष, शिकून आणि पात्रता सिद्ध करून करू शकतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. जन्माच्या जागी प्रशिक्षण आले आहे. प्रश्न एवढाच, की ते प्रशिक्षण खरोखरीचे आहे काय?

खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा २००५ साली झाला व मार्च २००६ पासून अमलात आला. रक्षक भारताचा नागरिक असावा, वय १८ ते ६५ असावे, चारित्र्याची खात्री झालेली असावी, शरीर ठरलेल्या मापात बसावे व त्याने विहित प्रशिक्षण पुरे केलेले असावे, असे या कायद्याने सांगितले. केंद्राने २००६ साली जे आदर्श नियम केले, त्यांत १०० तास वर्गातील शिक्षण आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावरील शिक्षण, तेही किमान २० कामाच्या दिवसांत विभागून, असा क्रम घालून दिला. पुरुषांसाठी उंची १६० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी १५०. आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यावे, ही अट.

भरतीसाठी पहाटे अंधारात १६०० मीटर धावणाऱ्या आपल्या मित्रांना ही धाव म्हणजे किरकोळच. अवघड आहे तो पुढचा भाग. त्या अभ्यासक्रमात ओळखपत्रे व कागदपत्रे तपासणे आहे, गर्दी आवरणे आहे, आग विझवणे, प्रथमोपचार, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणे, पोलिसांत फिर्याद कशी नोंदवावी हे आहे, कायद्याची तोंडओळख आहे. म्हणजे पाय चालतात तेवढेच डोके आणि जीभही चालली पाहिजे. येथे कला शाखेचा विद्यार्थी कमी पडण्याचे कारण नाही. नोंदवहीत "रात्री गाडी आली" असे लिहिणे आणि कोणत्या वेळी, कोणत्या क्रमांकाची, कोणाच्या परवानगीने आली हे चार ओळींत नेमके लिहिणे, यात फार अंतर आहे. उद्या कोर्टात तीच ओळ पुरावा म्हणून उभी राहील. चिडलेल्या माणसाला दोन शब्दांत शांत करणे हाही भाषेचाच उपयोग नव्हे काय?

कायद्याच्या तोंडओळखीला काही जण नाक मुरडतात. पण गणवेश अंगावर चढला म्हणजे अधिकार चढत नाही, हे रक्षकाला कोणी शिकवावे? सैन्याचा वा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख रक्षकाने घालणे हा २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वसंरक्षणाचा हक्क त्याला आहे, पण तुम्हाआम्हाला आहे तेवढाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे खाजगी व्यक्तीने गंभीर गुन्हा करताना कोणाला पकडले, तर त्याला विनाविलंब आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. हे ठाऊक नसलेला रक्षक चोराला बांधून मारतो आणि सकाळी स्वतःच आरोपी होतो.

आणि आगीविषयी भंडाऱ्याच्या माणसाने काय सांगावे? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. त्या रात्रीचा दोष कोणाच्या माथी मारावा, हे ठरवणे माझे काम नाही. परंतु त्या दिवसानंतर या जिल्ह्यात तरी आग विझवण्याचा धडा कोणी कागदावर उरकू नये, एवढे म्हणण्याचा हक्क आपल्या प्रत्येकाला आहे. पिन ओढा, नळीचे तोंड ज्वालेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवत चला. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. धुरात खाली वाकून चाला. ऐकायला हे दोन मिनिटांचे काम वाटते. पण हाताने एकदाही न केलेली गोष्ट मध्यरात्री, धुरात आणि आरडाओरड्यात सुचत नाही.

माझ्या शेजारचे एक काका रात्रपाळीला असतात. प्रशिक्षणाविषयी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "उभंच तं रायाचं हाये, त्याले शिकाचं का?" त्यांना एक शिटी, एक काठी आणि एक प्रमाणपत्र मिळाले होते, प्रमाणपत्रावर लिहिलेले वर्ग मात्र त्यांनी पाहिले नव्हते. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नावाला. त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. शिकूनही पगार तोच आणि न शिकूनही तोच, तर शिकावे कशासाठी?

याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. देशाच्या कायद्याआधी २४ वर्षे, १९८१ साली, महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन करण्याची सोय झाली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी व रजा यांचा हिशेब मंडळाकडे. हे काम म्हणजे मजुरी असून तिला संरक्षण हवे, हे या राज्याने तेव्हाच मान्य केले. शिक्षणाला मान हवा असेल, तर मोबदलाही हवा. आणि आपला हक्क मागायचा, तर आधी तो वाचता आला पाहिजे. आठ तासांपुढील कामाला दुप्पट दर मागणारा रक्षक हा शिकलेलाच असतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली विद्यार्थी मित्रांना व मैत्रिणींना. या परीक्षेची तयारी करायची, तर ती मनापासून करा. वर्ग न घेता प्रमाणपत्र विकणाऱ्या दलालाला घरचे धान विकून पैसे देऊ नका. रक्षकांना प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी २००५ च्या कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. तिचा परवाना पाहायला मागा, नेमणुकीचे पत्र मागा, छायाचित्रासह ओळखपत्र मागा. दुसरी सूचना महाविद्यालयांना. राष्ट्रीय छात्रसेना व राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे आहेतच. वर्षातून चार दिवस नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाला आणि एखाद्या डॉक्टरांना बोलवावे. आग, प्रथमोपचार आणि फिर्याद लिहिणे या तीन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याकडून हाताने करवून घ्याव्यात. जो पुढे रक्षक होणार नाही, त्याच्याही त्या घरी उपयोगी पडतील.

आपल्यातले काही पोलीस होतील, काही शिक्षक होतील, काही शेती पाहतील आणि काही खचितच फाटकावर उभे राहतील. जे उभे राहतील, त्यांनी प्रशिक्षण घेऊन, आपले हक्क जाणून उभे राहावे. आणि जे त्या फाटकातून आत जातील, त्यांनी निदान मान वर करून नमस्कार करावा. त्या माणसाला आपण नावाने हाक मारू लागलो, की ते 'तरी' आपोआपच गळून पडेल.