जाहीर इशारा : मुदत सात दिवसांची

प्रति, आयुक्त आणि आरोग्य विभागप्रमुख.

आम्ही या प्रभागातल्या चाळी, सोसायट्या आणि वस्त्यांच्या समित्या. हे विनंतीपत्र नाही. विनंत्या करून झाल्या.

निवेदने दिली. पोच घेतली. आवक क्रमांक जपून ठेवले आहेत. बैठकीची वेळ मागितली, ती पुढे ढकलली गेली. आम्ही संयम ठेवला. तुम्ही त्याला दुबळेपणा समजलात.

आमच्या वाट्याचे काम आम्ही केले. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळतो. पिंपे नुसती ओतत नाही, आतून घासून काढतो. कारण डासांची अंडी कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून महिनोन् महिने तग धरतात. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे भंगार, सगळे तपासतो. टाक्यांना झाकणे बसवली आहेत.

आता तुमच्या वाट्याचे.

नळाला एक दिवसाआड पाणी येते. म्हणून घरोघरी पिंपे भरलेली असतात. पिंपात अळी सापडली की दंडाची पावती आमच्या नावावर फाटते. त्याला आमची हरकत नाही. नियम तो नियम.

पण तुमच्याच गोदामाच्या आवारात जप्त हातगाड्या, निकामी घंटागाड्या आणि टायर उघड्यावर पडून आहेत. त्यातल्या एका टायरमधले पाणी आम्ही पांढऱ्या वाडग्यात ओतून घेतले. अळ्या वळवळत वर येत होत्या, हवा घेऊन पुन्हा तळाशी जात होत्या. छायाचित्रे तारीखवार आमच्याकडे आहेत.

त्या टायरची पावती कोणाच्या नावावर फाटली?

रखडलेल्या इमारतीत लिफ्टचा खड्डा पाण्याने भरला आहे. बिल्डरला नोटीस बजावल्याचे तोंडी सांगण्यात आले. प्रत मागितली. मिळाली नाही.

उत्तरादाखल धुराची गाडी येते. संध्याकाळी, मुख्य रस्त्यावरून.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी दिवसा चावते. सकाळी आणि मावळतीच्या आधी तिचा जोर. एरवी ती पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसते. रस्त्यावरचा धूर तिथवर पोचत नाही. पोचला तरी उडता डास मरेल, पाण्यातली अळी नाही. तुमच्या विभागाला हे ठाऊक आहे. तरीही धूर सोडला जातो, कारण धूर लोकांना दिसतो.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची लागण होऊन गेली म्हणून बाकीच्या तिघांपासून कायमची सुटका होत नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण अधिक घातक ठरू शकते. म्हणजे मागच्या साथीत आजारी पडलेल्यांना यंदा धोका जास्त.

ताप उतरला की घरच्यांना हायसे वाटते. नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो. विषाणूवर नेमके औषध नाही. डास होऊ न देणे हाच उपाय. आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या यादीत आहे.

मागण्या तीनच.

एक, गोदामातले टायर आणि भंगार हलवा. हलेपर्यंत छपराखाली ठेवा.

दोन, रखडलेल्या बांधकामांवरचे पाणी उपसा. जिथे उपसणे शक्य नाही तिथे अळीनाशक टाका, गप्पी मासे सोडा.

तीन, घरोघरच्या तपासणीचे वेळापत्रक आणि बजावलेल्या नोटिसांची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा.

अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून मुदत सात दिवसांची. ती वाढवणे आमच्या हातात नाही.

आठव्या दिवशी आम्ही गोदामाच्या फाटकावर असू. पत्रकारांसमक्ष पाहणीची मागणी करू. फाटक उघडले नाही, तर त्याचीही नोंद होईल.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. फवारणीच्या ठेक्याची बिले, कामगारांची हजेरी, औषधसाठ्याची नोंदवही. 2005 च्या कायद्याने तुम्हाला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागेल.

प्रभाग कार्यालयासमोर ठिय्या सुरू होईल. शांततेने. बेमुदत.

अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात करायच्या याचिकेचा मसुदा तयार आहे. छायाचित्रे आणि पोचपावत्या त्याला जोडल्या आहेत.

रहिवाशांना सूचना. अंगात ताप असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठा. तपासणीचे कागद जपून ठेवा आणि त्यांची प्रत समितीकडे द्या.

प्रशासनाला यानंतर पत्र जाणार नाही. मुदत आजपासून सुरू झाली आहे.